कोकणच्या सहलीत नक्षीदार शंकू-शंख आढळल्यास

भंडारा-गोंदियाकडील मुलांना गोगलगाय नवी नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात किंवा बोडीच्या काठावर ती सहज दिसते, मुले तिला उचलून तळहातावर ठेवतात आणि त्यामुळे कोणाला विषबाधा होत नाही. हाच निर्धास्त हात घेऊन ती शाळेच्या सहलीत पहिल्यांदा समुद्रावर जातात. म्हणून निघण्यापूर्वीच शिक्षकांनी त्यांना शंकू-गोगलगायीची, म्हणजे शंकूच्या आकाराचा शंख असलेल्या विषारी समुद्री गोगलगायीची, ओळख करून द्यावी.

ओळख पटवण्यासाठी वर्गात पोळ्याच्या माळेतील एक कवडी आणि शेंगदाण्याची कागदी पुडी शेजारी ठेवावी. कवडीचे तोंड खालच्या बाजूला असते आणि त्याच्या दोन्ही कडांना दाते असतात. शंकू-शंख मात्र पुडीसारखा असतो: एक टोक रुंद, दुसरे निमुळते, आणि तोंड म्हणजे अंगाच्या लांबीभर गेलेली अरुंद फट. काहींच्या पाठीवर तंबूंसारखे त्रिकोण, तर काहींवर पट्टे किंवा ठिपके असतात. जिवंत प्राण्याच्या शंखावर बहुधा तपकिरी पापुद्रा असतो व त्याखाली नक्षी झाकली जाते, त्यामुळे नक्षी दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी आहे असे कधीही समजू नये.

या गोगलगायींच्या 700 हून अधिक जाती असून सगळ्याच शिकारी आहेत. काही किडे खातात, काही इतर गोगलगायी, तर काही मासे. साध्या गोगलगायीच्या जिभेवरचे दात अन्न खरवडतात. येथे त्याच दाताचा पोकळ, विषाने भरलेला भाला झाला आहे. तो लवचीक सोंडेतून फेकला जातो आणि एकदा वापरल्यावर त्याच्या जागी नवा येतो. ही सोंड शंखाच्या रुंद टोकाकडेही वळू शकत असल्याने, रुंद टोकाला धरले तर भय नाही, हा समज अत्यंत घातक आहे. मासे खाणारी ‘कोनस जिओग्राफस’ ही जात माणसासाठी सर्वांत धोकादायक असून तिच्या दंशाने मृत्यू झालेले आहेत.

म्हणून किनाऱ्यावर नियम एकच ठेवावा: असा शंख उचलायचा नाही, खिशात किंवा पिशवीत घालायचा नाही, खडकाच्या फटीत व वाळूत हात खुपसायचा नाही. तो रिकामा आहे की नाही हे मुलांनी ठरवू नये.

दंश झालाच तर रुग्णाला हलू न देता निजवावे, अंगठी व कडे काढावे, दंशापासून सुरुवात करून संपूर्ण हाता-पायाला रुंद पट्टी घट्ट, परंतु रक्त थांबणार नाही अशी, गुंडाळावी, तो अवयव फळीला बांधून स्थिर करावा आणि लगेच 108 वर फोन करावा. जखम चिरू किंवा चोखू नये. सर्पदंशावरील लस येथे चालत नाही. या विषावर प्रतिविष उपलब्धच नाही. विष स्नायू लुळे पाडते व श्वास थांबवू शकते. अशा वेळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहावा, कारण श्वास टिकवला तर विषाचा अंमल ओसरेपर्यंत माणूस वाचू शकतो. याच कुळातील ‘कोनस मॅगस’च्या विषातील एका रेणूवरून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ही गोष्टही मुलांना अवश्य सांगावी.

शाळेसाठी नमुना हवा असेल तर विक्रेत्याकडील शंख सरसकट घेऊ नये. काही सागरी शंखांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. रिकामा, कायदेशीर नमुना मिळाल्यास तो साध्या पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, कारण शंख चुनखडीचा असतो आणि आम्लाने झिजतो. आपल्याकडच्या उन्हात त्याचा रंग उडतो, म्हणून तो सावलीत, कोरड्या डब्यात ठेवावा.

मग भिंगाने त्याची कड पाहायला लावावी. भंडाऱ्याच्या मागावर कोशाचे कापड जसे एकेका धाग्याने पुढे सरकते, तसाच हा शंखही ओठाच्या कडेला थराथराने वाढतो, आणि प्रत्येक थर ओतताना प्राण्याच्या अंगाची कड कुठे रंग सोडते, कुठे थांबते, त्यातूनच हे त्रिकोण उमटत जातात.