गाडी पोटात घेणाऱ्या आगबोटींच्या प्रतिकृती कशा शोधाव्यात

रेल्वेत माझी सगळी नोकरी टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासनीस, म्हणून गेली. यार्डात हातोडी आणि बॅटरी घेऊन फिरायचं, वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, चाकं, कपलिंग, ब्रेक तपासायचे. उभी वाघीण हातभर सरकली तर काय होतं ते मी पाहिलंय. त्यामुळे हलत्या आगबोटीवर रूळ टाकून त्यावर अख्खी गाडी समुद्रापार नेत असत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. ती गाडी जागेवर बांधून कशी ठेवत असतील?

फोटोत बोट बाहेरूनच दिसते. प्रतिकृतीभोवती मात्र चारही बाजूंनी फिरता येतं, खाली वाकून आत बघता येतं. मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे गेलो की मी या प्रतिकृतींच्या मागे लागतो. त्यातून हाती आलेली पद्धत इथे सांगतो.

आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा, कारण यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक, रूळ असलेली ट्रेन फेरी. दुसरी, रेल्वे कंपनीच्या मालकीची साधी प्रवासी आगबोट, जिच्यात माणसं चढतात आणि गाडी धक्क्यावरच राहते. आपली धनुष्कोडीची बोट मेल दुसऱ्या जातीची. मद्रासहून आलेले प्रवासी धनुष्कोडीला उतरून साउथ इंडियन रेल्वेच्या आगबोटीने तलैमन्नारला जात आणि तिथून पुढे लंकेची गाडी पकडत. याउलट ब्रह्मपुत्रेवर आमिनगाव ते पांडू वाघिणीसुद्धा पाण्यावरून पलीकडे जात. १९६२ साली सराईघाट पूल झाला आणि ते थांबलं.

आता शोध. संग्रहालयांच्या ऑनलाइन यादीत ‘रेल्वे शिप’ असं टाकून फारसं काही मिळत नाही, कारण संग्रहालयाची नोंद जातीने नसते, जहाजाच्या नावाने असते. म्हणून आधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: जहाजाचं नाव, बांधणारा कारखाना, बांधणीचं साल, मालक कंपनी. मालक बदलत जातो, तेवढं ध्यानात ठेवा. इंग्लंडमधल्या हार्विच बंदरातल्या बोटी आधी ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या, १९२३ नंतर एलएनईआरच्या (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे), १९४८ पासून ब्रिटिश रेल्वेच्या आणि १९७० पासून त्यांच्यावर सीलिंक हे नाव. तेच बंदर, तोच मार्ग, पण शोधायला चार नावं.

नुसत्या नावावरही विसंबू नका. जगातली पहिली आधुनिक ट्रेन फेरी ‘लेविआथन’. स्कॉटलंडमध्ये ग्रँटन ते बर्न्टआयलंड, १८५० पासून तिने फोर्थच्या खाडीतून वाघिणी नेल्या. पण ब्रुनेल या इंजिनिअरच्या अवाढव्य ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजालाही आधी लेविआथनच म्हणत. त्यामुळे लेविआथन शोधलं की ब्रुनेलचं जहाज समोर येतं, आणि ग्रेट ईस्टर्न ही रेल्वे शोधली तरी तेच. ‘द क्वीन’ या आगबोटीची तर विचारूच नका, राणीच्या तसबिरींचा ढीग येईल. तिथे ‘डेनी’ हा कारखाना, ‘डम्बार्टन’ हे गाव आणि ‘१९०३’ हे साल जोडलं की ती वर येते. इंग्लिश खाडीत टर्बाइनवर चालणारी ती पहिली प्रवासी आगबोट, साउथ ईस्टर्न अँड चॅटम रेल्वेची.

शोधाची सुरुवात सायन्स म्युझियम ग्रुपच्या ऑनलाइन यादीपासून करा. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम आणि लंडनचं सायन्स म्युझियम दोन्ही त्या एकाच यादीत आहेत. लंडनचं जहाजांचं दालन १९६३ साली उघडलं आणि २०१२ साली बंद झालं. बंद होण्याआधी ते लेसरने स्कॅन केलं, त्याची फीत इंटरनेटवर आहे, जरूर बघा. त्यानंतर ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमची यादी. तिथे जहाजांच्या प्रतिकृतींच्या क्रमांकाआधी ‘एसएलआर’ ही अक्षरं असतात, आणि मोठा साठा चॅटमच्या जुन्या गोदीत ठेवलेला आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. यादीत वस्तू दिसली म्हणजे ती मांडलेली आहे असं नव्हे. एकदा मी तीन तासांचा प्रवास करून एका संग्रहालयात पोचलो, तर हवी ती प्रतिकृती दुसऱ्या गावातल्या कोठारात. दोष माझाच, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून वस्तूचा क्रमांक घालून आधी ईमेल करतो: मांडलेली आहे का, नसेल तर कुठे आहे, बघायला परवानगी मिळेल का. ‘तुमच्याकडे रेल्वेच्या बोटी आहेत का’ असं मोघम विचारू नका. क्रमांक दिला की विचारपूस थेट योग्य माणसाकडे जाते.

काचेसमोर पोचलात की आधी पाटीवरचं प्रमाण वाचा. कारखान्यांच्या प्रतिकृतींत १:४८ नेहमी आढळतं, म्हणजे एका फुटाला पाव इंच. साडेतीनशे फुटांची बोट त्या प्रमाणात सव्वासात फुटांच्या आसपास येते. हॅम्बर्गच्या सागरी संग्रहालयात १:१२५० ची हजारो छोटी जहाजं आहेत, तिथे तीच बोट बोटभर होते. तिच्यात साखळ्या दिसणार नाहीत, भिंग नेलं तरी.

मग थेट मागच्या बाजूला जा. बहुतेक लोक नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उभे राहून फोटो काढतात, पण ट्रेन फेरीचं सगळं मर्म मागे असतं. रूळ किती आणि ते दाराशी कसे एकत्र येतात, डेकवर साखळी अडकवायच्या कड्या कुठे आहेत, धक्क्याला जोडणारा पूल दाखवलाय का, हे तिथे बघा. पूल दाखवला असेल तर तिथे थांबाच. भरती-ओहोटीने बोट वरखाली होते आणि धक्का जागेवर राहतो, या सगळ्या व्यवहाराची अडचण तीच. फोर्थवर इंजिनिअर टॉमस बाउच यांनी उतरत्या धक्क्यावर मागेपुढे सरकणारी चौकट केली. डोव्हरला वेगळाच मार्ग काढला: दरवाजे असलेली बंद गोदी बांधली आणि तिच्यातलं पाणीच हवं तेवढं कमीजास्त केलं. तिथली ‘ट्विकेनहॅम फेरी’ ही बोट आणि तिच्या दोन बहिणी आधी बांधून तयार झाल्या, पण गोदी रखडली. या बोटींवरून जाणारी लंडन ते पॅरिस ‘नाइट फेरी’ ही गाडी ऑक्टोबर १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९८० पर्यंत चालली. डब्यात झोपलेले प्रवासी मध्यरात्री साखळदंडांच्या खणखणाटाने जागे होत. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेच, साखळदंड. या गाडीचा निळा स्लीपर डबा, क्रमांक ३७९२, यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाकडे आहे.

ब्रिटनबाहेर जाणं जमलं तर डेन्मार्कमधलं ओडेन्सचं रेल्वे संग्रहालय आधी. बेटांचा देश, १८७२ पासून गाड्या बोटीवर चढवणारा, ग्रेट बेल्टवर तर १९९७ पर्यंत.

ग्लासगोचं रिव्हरसाइड म्युझियमही चुकवू नका. तिथे क्लाइड नदीवर बांधलेल्या जहाजांच्या प्रतिकृती फिरत्या पट्ट्यावरून समोरून जातात. एक फेरी बघून निघू नका, दोनतीन बघा. आणि ग्लासगोत असताना आपली धनुष्कोडी आठवा. बोट मेलच्या ‘कर्झन’, ‘एल्गिन’ आणि ‘हार्डिंज’ या बोटी १९१३ साली याच नदीवर, ए. अँड जे. इंग्लिस यांच्या कारखान्यात झाल्या. नुसती नावं शोधलीत तर व्हाइसरॉय भेटतील, म्हणून ‘इंग्लिस’ आणि ‘साउथ इंडियन रेल्वे’ जोडा. त्याच कारखान्यातली, रेल्वेसाठीच बांधलेली ‘वेव्हर्ली’ ही चाकाची आगबोट उन्हाळ्यात अजूनही प्रवासी नेते. तिच्या इंजिनाच्या कडेने चालता येतं, आणि दांडे फिरताना हाताच्या अंतरावर दिसतात. मी तिथे अर्धा तास उभा होतो.