नेत्यावर आरोप झाला, तेव्हा पक्ष न्यायाने वागला का, हे कसे तपासावे?

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात आले की विधान भवनात आरोपांची कागदपत्रे फडकू लागतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, आणि सीताबर्डीच्या एखाद्या ठेल्यावर पोह्यांवर तर्रीचा दुसरा डाव पडेपर्यंत निकालही लागलेला असतो. आरोप आपल्या पक्षाच्या माणसावर असेल, तर निकाल ‘भाऊंना अडकवलं’ असा असतो, आणि तसाच आरोप दुसऱ्या पक्षाच्या माणसावर असेल, तर ‘त्याचं आधीपासूनच माहीत होतं’ असा असतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण घरगुती असली तरी तिचा सर्वाधिक वापर राजकारणातच होत असावा.

नेता दोषी आहे की निर्दोष, हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे, आणि या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही. इथे विचारलेला प्रश्न त्याहून मर्यादित आहे: तक्रार आल्यानंतर पक्षाने तक्रारदार आणि आरोपित या दोघांनाही न्याय्य वागणूक दिली का? या प्रश्नाचे उत्तर सामान्य मतदाराला घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येते. त्यासाठी एक वही, मोबाईल आणि काही महिन्यांचा धीर लागतो.

पहिली पायरी: नाव न लिहिता आरोप लिहावा

वहीच्या कोऱ्या पानावर आरोप दोन-तीन वाक्यांत लिहावा, पण आरोपित व्यक्तीचे नाव आणि पक्ष यांच्या जागा रिकाम्या सोडाव्यात. ‘एका लोकप्रतिनिधीने ठेकेदाराकडून पैसे मागितल्याची लेखी तक्रार आहे, गुन्हा अजून दाखल झालेला नाही’ अशा स्वरूपाचे ते वाक्य असावे. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्यात आलेच पाहिजे. पत्रकार परिषदेतला आरोप, पोलिसांकडचा तक्रार अर्ज, एफआयआर, तपासानंतर पोलिसांनी दाखल केलेले दोषारोपपत्र, न्यायालयाने केलेली आरोप निश्चिती आणि शिक्षा या सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि टीव्हीवरच्या चर्चेत त्या एकाच घमेल्यात कालवल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे गुन्हा खरोखर नोंदवला गेला आहे का, हे ऐकीव माहितीवर सोडण्याचे कारण नाही.

त्याच पानावर, नाव भरण्यापूर्वीच, ‘अशा वेळी पक्षाने काय करावे असे मला वाटते’ याचे उत्तर लिहून ठेवावे. चौकशी होईपर्यंत पद सोडावे, की पदावर राहून उत्तर द्यावे, की काहीच करण्याची गरज नाही? उत्तर कोणतेही असले तरी चालेल. नाव कळल्यावर आपले मत आपल्याही नकळत सरकते, म्हणून ते आधी कागदावर उतरलेले असणे महत्त्वाचे आहे.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याला अपवाद नाही.

दुसरी पायरी: पक्षाची घटना वाचावी

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते, आणि प्रमुख पक्षांच्या घटना वाचायला मिळतात. त्यातले शिस्तीचे प्रकरण तेवढे काढावे. तक्रार कोण करू शकतो, चौकशी कोण करतो, कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी किती दिवस मिळतात आणि निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची, या चार गोष्टींची नोंद करावी. वाचताना माझ्या लक्षात आले ते असे की, या प्रकरणांचा जीव बंडखोरीत आणि पक्षविरोधी वक्तव्यांत अडकलेला असतो. नागरिकाशी किंवा कार्यकर्तीशी केलेल्या गैरवर्तनाला त्यात फारशी जागा नसते.

कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली राजकीय पक्षाला अंतर्गत तक्रार समिती नेमण्याची सक्ती करता येणार नाही, कारण पक्ष आणि सदस्य यांच्यात मालक-नोकर असे नाते नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणणारा निर्णय दिला होता, पण पक्षांनी तो प्रत्यक्षात मानला नाही. त्यामुळे चौकशी समितीच्या बैठकीत काय झाले, हे आपल्याला अर्ज करून कळणार नाही. बाहेर दिसणाऱ्या कृतीवरूनच पक्षाला जोखावे लागते.

तिसरी पायरी: तारखांचा तक्ता तयार करावा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. पानाच्या डावीकडे घटनांच्या तारखा आणि उजवीकडे पक्षाच्या कृतीच्या तारखा लिहाव्यात, आणि पक्षाला अखेर कशाने जाग आली, हे पाहावे. ती पुराव्याने आली की कॅमेऱ्याने, हे तारखाच सांगतात.

उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातील आमदार कुलदीप सेंगर यांचे प्रकरण घ्या. पीडितेची तक्रार २०१७ मधील बलात्काराची होती, सेंगर यांना अटक एप्रिल २०१८ मध्ये झाली, आणि भाजपने त्यांची हकालपट्टी केली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. त्याच्या काही दिवस आधी पीडितेच्या गाडीला ट्रकची धडक बसली होती आणि देशभर संताप उसळला होता. आपण त्यांना आधीच निलंबित केले होते, असे पक्षाने तेव्हा सांगितले, आणि तेही उजव्या रकान्यात लिहावे, कारण आपला तक्ता आपल्या रागासाठी नाही. तरीही अटक आणि हकालपट्टी यांच्यात पंधरा महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, हे त्या पानावर स्पष्ट दिसते.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. सिनेटर अल फ्रँकन यांच्यावर १६ नोव्हेंबर २०१७ रोजी गैरवर्तनाचा पहिला आरोप जाहीरपणे झाला, आणखी काही महिला पुढे आल्या, त्यांनी स्वतः सिनेटच्या नीतिमत्ता समितीच्या चौकशीला तयारी दाखवली, आणि तरीही त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या सहकाऱ्यांनी ६ डिसेंबरला एकापाठोपाठ एक राजीनामा मागितल्यामुळे ७ डिसेंबरला त्यांनी तो जाहीर केला. चौकशी पूर्ण झालीच नाही. पुढे त्या मागणीत सहभागी असलेल्या काही सिनेटरांनी आपण घाई केल्याची खंत व्यक्त केली. तीन आठवड्यांत मिळालेल्या या निकालाने तक्रारदार महिलांचे म्हणणेही तपासले गेले नाही आणि फ्रँकन यांचेही नाही. झटपट कारवाई दिसली म्हणून पक्षाला लगेच गुण देऊ नयेत, ते यासाठीच.

चौथी पायरी: नेमकी कोणती खुर्ची गेली, ते पाहावे

‘पक्षाने कडक कारवाई केली’ या बातमीतल्या शब्दांकडे बारकाईने पाहावे. पदमुक्त करणे म्हणजे शहराध्यक्षपदासारखे संघटनेतले पद काढणे, निलंबन म्हणजे सदस्यत्व तात्पुरते थांबवणे, हकालपट्टी म्हणजे सदस्यत्व संपवणे, आणि मंत्रिपदाचा राजीनामा म्हणजे केवळ मंत्रिपदाचा राजीनामा. अनिल देशमुख यांनी ५ एप्रिल २०२१ रोजी, उच्च न्यायालयाने सीबीआयच्या प्राथमिक चौकशीचा आदेश दिल्यावर, गृहमंत्रिपद सोडले; काटोलची आमदारकी आणि पक्ष दोन्ही कायम राहिले. ते योग्य होते की अयोग्य, हे ज्याने त्याने आपल्या पहिल्या पानावरून ठरवावे, पण ‘राजीनामा दिला’ एवढ्यावर समाधान मानू नये.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पक्षाने आमदाराला काढून टाकले तरी त्याची आमदारकी जात नाही, आणि १९९६ च्या जी. विश्वनाथन प्रकरणातील निकालानुसार पक्षांतरबंदीच्या दृष्टीने तो ज्या पक्षातून निवडून आला त्याच पक्षाचा समजला जातो. हकालपट्टीनंतर पक्ष ‘आता आमचा संबंध नाही’ असे म्हणून हात वर करतो, तेव्हा सभागृहातल्या मतदानात तो माणूस कोणाच्या बाजूने हात वर करतो, हे पुढची दोन अधिवेशने पाहावे.

पाचवी पायरी: तक्रारदाराला काय मिळाले, ते विचारावे

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका बाईंसोबत मी एका पक्षाच्या कार्यालयात गेलो होतो. स्थानिक पदाधिकाऱ्याने घराच्या बांधकामावरून धमकावल्याची त्यांची तक्रार होती. अर्ज घेणाऱ्या कार्यकर्त्याच्या डोक्यावर ज्या फ्लेक्समध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्यातला हसरा चेहरा तक्रार ज्याच्याविरुद्ध होती त्याचाच होता. बाईंनी दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. ‘ताई, इथे पोच-बिच काही नसते, विश्वास ठेवा,’ असे म्हणून त्याने अर्ज टेबलाच्या काचेखाली, मिठाईवाल्याच्या बिलाशेजारी सरकवला. संध्याकाळी त्या पदाधिकाऱ्याचा भाऊ बाईंच्या दारात उभा होता.

तेव्हापासून मी एवढेच विचारतो: शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच मिळाली का, आरोपिताच्या गटाबाहेरच्या कोणी तक्रारदाराचे म्हणणे ऐकले का, अर्जातला मजकूर आरोपिताकडे जाण्यापूर्वी तक्रारदाराला कल्पना दिली गेली का, आणि शेवटी काय ठरले ते तिला लेखी कळवले का. चौकशी करणारे कोण, हा मुद्दा मोठ्या पक्षांनाही अवघड जातो. ब्रिटनमधील समानता व मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये लेबर पक्षाविषयीच्या अहवालात यहुदीद्वेषाच्या तक्रारींच्या हाताळणीत राजकीय हस्तक्षेप झाल्याचा ठपका ठेवला आणि तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारायला सांगितले. आपल्याकडे शहराध्यक्षाने नेमलेल्या समितीने शहराध्यक्षाच्याच उजव्या हाताची चौकशी करण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

गुन्हा घडला असेल तर पक्षाकडे अर्ज देणे हा पोलिसांकडे जाण्याला पर्याय नाही, आणि ‘आधी पक्षात मिटवू’ असे कोणी म्हणत असेल तर ती तारीखही तक्त्यात लिहावी.

सहावी पायरी: आरोपिताची बाजूही तितक्याच काटेकोरपणे तपासावी

त्याला आरोप लेखी, तारीखवार कळवला होता का? उत्तराला पुरेसे दिवस दिले का? निर्णयाला कारणे दिली का? खोटी तक्रार करून तिकिटाचा स्पर्धक बाजूला सारणे हा प्रकार आपल्याकडे अनोळखी नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या तक्रारीत तर ही शक्यता विचारात घ्यावीच लागते. परत येण्याचा रस्ता पक्षाने खुला ठेवला का, हेही पाहावे. जैन हवाला प्रकरणात, म्हणजे राजकारण्यांना हवालामार्फत पैसे दिल्याच्या आरोपात, नाव आल्यावर लालकृष्ण अडवाणी यांनी जानेवारी १९९६ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला आणि त्या वर्षीची निवडणूक लढवली नाही. एप्रिल १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले आणि १९९८ मध्ये ते पुन्हा लोकसभेत गेले. बाजूला होणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हे त्या तीन तारखांवरून कार्यकर्त्यांनाही समजावून सांगता येते.

सातवी पायरी: पुढचे तिकीट पाहावे

खरी परीक्षा उमेदवारी वाटपात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार लोकसभा-विधानसभेसाठी गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार निवडणाऱ्या पक्षाने ती निवड का केली आणि गुन्हा नसलेली दुसरी व्यक्ती का मिळाली नाही, हे वृत्तपत्रात, समाजमाध्यमांवर आणि स्वतःच्या संकेतस्थळावर निवडीपासून ४८ तासांत जाहीर करायचे असते, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटे कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने भाजप, काँग्रेस आणि इतर काही पक्षांना प्रत्येकी १ लाख, तर माकप आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांना प्रत्येकी ५ लाख रुपये दंड केला. हे जाहीर निवेदन शोधून त्याचे कात्रण वहीत चिकटवावे. ‘सामाजिक कार्याची आवड’ यापलीकडे त्यात काय लिहिले आहे, हे वाचण्यासारखे असते. दुसऱ्या पक्षातून आलेल्या आरोपित नेत्याला हारतुऱ्यांसह प्रवेश दिला असेल, तर तोही याच पायरीत मोजावा.

‘न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबू’ हे पक्षाचे आवडते उत्तर ऐकताना नागपूरकरांनी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील घोटाळ्याचे प्रकरण आठवावे. गुन्हा २००२ मध्ये दाखल झाला आणि सावनेरचे काँग्रेस आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी. दरम्यान ते अनेकदा निवडून आले आणि राज्यात मंत्रीही झाले. आमदारकी गेली, पण ती पक्षाच्या निर्णयाने नव्हे: लिली थॉमस प्रकरणातील २०१३ च्या निकालानंतर दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा होताच लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो. शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केले, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण एकवीस वर्षे वाट पाहणे हे पक्षाचे धोरण असू शकते का, हा प्रश्न केदारांना नव्हे, पक्षाला विचारायचा आहे.

आठवी पायरी: नाव भरून पत्र लिहावे

आता पहिल्या पानावरच्या रिकाम्या जागांत नाव आणि पक्ष भरावा, आणि तेव्हा लिहिलेले आपले उत्तर पुन्हा वाचावे. ते बदलावेसे वाटले, तर कशामुळे, हे शेजारी लिहावे. नंतर त्याच पक्षाने विरोधकांवरच्या तशाच आरोपाबद्दल कोणती मागणी केली होती, ती बातमी शोधून समोर ठेवावी.

तफावत आढळली तर पक्षाच्या शहराध्यक्षांना साध्या कागदावर पत्र लिहावे: तक्रार कधी मिळाली, चौकशी कोणी केली, कोणत्या नियमाखाली निर्णय झाला, आणि तो तक्रारदाराला कधी कळवला. आरोपाचा पुनरुच्चार करू नये, फक्त तारखा विचाराव्यात. मानहानीच्या नोटिशीपासूनही त्यामुळे सुरक्षित अंतर राहते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती वहीत लावावी. महिनाभरात उत्तर आले नाही, तर उजव्या रकान्यात ‘उत्तर नाही’ एवढे लिहावे आणि वही दाराजवळच्या कपाटात ठेवावी, कारण प्रचाराच्या दिवसांत ती मंडळी सकाळी साडेआठलाच येतात आणि फार वेळ थांबत नाहीत.