बेरिॲट्रिक सर्जरीनंतर शुगर उतरली, पण दाह? या चुका टाळा

वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी (पोट लहान करणारी स्लीव्ह किंवा अन्नाला आडवाटेने आतड्यात नेणारी बायपास) झालेल्या मधुमेही माणसाच्या घरी पहिला आनंद शुगरचा असतो. आठवड्याभरात इन्सुलिनची युनिट्स निम्म्यावर येतात, कुणाच्या गोळ्या घरी जातानाच बंद होतात. वजन मात्र अजून जेमतेम तीन-चार किलो उतरलेलं असतं. 'डायबेटिस गेला' असं तेव्हाच जाहीर होतं आणि पुढच्या बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

शुगर लवकर उतरते कारण खाणं एकदम घटतं, यकृतातली चरबी झपाट्याने कमी होते आणि बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यामुळे जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं संप्रेरक जास्त स्रवतं. दाहाला, म्हणजे शरीरात आतल्या आत धुमसणाऱ्या सुजेला, एवढी घाई नसते. लठ्ठपणात चरबीच्या थरात मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी रसायनं सोडत राहतात. त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं. ती चरबी उतरायला महिने लागतात, म्हणून सीआरपी, म्हणजे रक्तातून दाह दाखवणारा आकडा, तोसुद्धा महिन्यांच्याच हिशेबाने खाली येतो.

पहिली चूक, सीआरपी नको तेव्हा तपासणं. ऑपरेशन हीच शरीराला झालेली जखम. तिच्यामुळे सीआरपी दोन-तीन दिवसांत चढतो आणि मग उतरू लागतो. पहिल्या महिन्यातला आकडा पाहून 'ऑपरेशनचा उपयोग झाला नाही' म्हणू नका. तीन महिन्यांनी, सर्दी-ताप-दातदुखी काही नसताना तपासा. एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारकाईची तपासणी) लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उत्तम, ३ च्या वर असेल तर जास्त. १० च्या वर गेला तर आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. रिपोर्टवरचं एककही बघा. काही लॅब डेसिलिटरमध्ये छापतात, तिथला ०.८ म्हणजे लिटरचा ८. आकडा सुधारला म्हणून पेढे वाटायच्या आधी एवढं बघाच.

याला एक अपवाद आहे. पहिल्या काही दिवसांत ताप, वाढती पोटदुखी किंवा खांदेदुखी, आणि नाडी १२० च्या आसपास असेल, तर 'सूज असणारच' म्हणून घरी बसू नका. पोटातली शिवण गळत असण्याची शक्यता असते. त्याच रात्री सर्जनला फोन करा.

दुसरी चूक दुखण्यावरच्या गोळीची. गुडघे अजून दुखतात, दाह तर आहेच, मग मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणलं जातं. बायपासनंतर पोट आणि आतड्याच्या जोडावर अल्सर व्हायला हे एक ठरलेलं कारण आहे. दुसरं कारण तंबाखू. (विडी सोडली आणि सकाळची मिश्री चालू, हे सोडणं नव्हे.) दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनाही विचारा.

तिसऱ्या चुकीवर जरा थांबतो, कारण ती शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होते. समजा, बायपासला दीड वर्ष झालेल्या एका बाईंचा रिपोर्ट असा आहे: हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७०, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) ११ टक्के, सीआरपी १४, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.९. फेरिटिन लॅबच्या मर्यादेत आहे, म्हणजे लोह ठीक, असं वाटतं. पण दाह असला की फेरिटिन आपोआप वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. सीआरपी वाढलेला असताना फेरिटिन १०० च्या खाली आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह कमी आहे असंच धरायचं. पुढची गंमत अशी की लोह कमी असताना एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणजे ६.९ दिसली तरी या बाईंचा मधुमेह कदाचित परतलेलाच नाही. लोह सुरू केलं की नव्या तांबड्या पेशी येतात आणि तोच आकडा काही काळ उगाच कमी दिसतो. अशा वेळी ग्लुकोमीटरवरच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवावा. आणि लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका; दोन तासांचं अंतर ठेवा.

चौथी चूक काढ्यांची. भाजीत, वरणात हळद खुशाल घाला. पण 'दाहनाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या तीव्र कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यापेक्षा दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जातात का ते बघा. पनीर, अंडी, मासे, मूग, मटकी यातून ती येतात. उपवासाच्या साबुदाण्यातून येत नाहीत.

पाचवी चूक, शुगर नॉर्मल म्हणून तपासण्या सोडणं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार औषध बंद करून किमान तीन महिने झाले आणि एचबीएवनसी ६.५ च्या खाली असली, तर तो रेमिशन, म्हणजे आजार तूर्त शांत होणं. बरा होणं असा शब्द त्यात मुद्दामच नाही. स्वीडनच्या लठ्ठपणावरच्या मोठ्या एसओएस अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रेमिशनमध्ये होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. झुरिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर दोन वर्षांनीही चरबीच्या पेशींत जुन्या लठ्ठपणाच्या खुणा शिल्लक असतात. दर सहा महिन्यांची तपासणी कंटाळवाणी आहे, मान्य. पण शुगर परत चढू लागली तर ती तिथेच लवकर सापडते. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू राहिली असेल तर शुगर खाली कोसळण्याचा धोका असतो, आणि शुगर झपाट्याने सुधारली की आधीपासून बिघडलेला डोळ्याचा पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. तेव्हा डोळेही तपासून घ्या.

शेवटची चूक वजनकाट्यावर विसंबण्याची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशेबाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे वजन नॉर्मल दिसूनही पोटात चरबी राहते, आणि दाह तिथेच पोसला जातो. म्हणून महिन्याला एकदा टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, ही आपली मर्यादा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून लावायची. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी जिथे बसते तिथे नाही.