फूल रंगत नाही? शाईला दोष देऊ नका

पांढऱ्या फुलाचा दांडा रंगीत पाण्यात ठेवून फूल रंगवायचा, म्हणजे झाडात पाणी वर चढतं हे दिसतं, हा शाळेतला नेहमीचा प्रयोग. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फोन येतो, "सर, फूल रंगतच नाही!" निशिगंध पांढराच, आणि ग्लासात अख्खी शाईची बाटली ओतलेली.

माझा प्रश्न ठरलेला: दांडा कुठे कापलात? बहुतेक जण बाजारातली छडी तशीच ग्लासात उभी करतात, नाहीतर कात्रीने हवेतच कापतात. पानापाकळ्यांतून पाण्याची वाफ होते, तसा जलवाहिन्यांतला, म्हणजे दांड्यातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्यांतला, पाण्याचा धागा वर ओढला जातो. तो कायम ताणलेला असतो. हवेत कापलात की हवा आत शिरते आणि धागा तुटतो, मग रंग वर चढत नाही. हे मी फजिती होऊन शिकलो. बारा छड्या रात्रभर रंगात ठेवल्या. सकाळी परीक्षक दारात आणि फुलांनी माना टाकलेल्या. एका मुलीने वैतागून एक दांडा बादलीतल्या पाण्यात बुडवूनच ब्लेडने बोटभर छाटला आणि परत रंगात ठेवला. दुपारी, परीक्षक गेल्यावर, तेवढंच फूल गुलाबी! तेव्हापासून घरच्या फुलदाणीसाठीसुद्धा मी पाण्याबाहेर दांडा कापत नाही. बायको हसते, हसू दे.

रंगपंचमीची पूड नको, तळाशी बसते. खायचा रंग घ्या, चांगला गडद.

पावसाळी हवेत बंद खोलीत ठेवू नका, वाफ कमी होते आणि ओढ मंदावते. पंख्याखाली ठेवा.

मुळासकट उपटलेलं रोप रंगात बुडवून वाट बघणारे तर दरवर्षी भेटतात. शाबूत मुळं बराचसा रंग बाहेरच अडवतात. चढलाच तर तुटलेल्या मुळांतून. त्यापेक्षा तेरडा घ्या आणि मुळं पाण्याखाली छाटून टाका. दांडा इतका पारदर्शक की रंगाच्या रेषा चढताना दिसतात.

आता प्रयोगाशेजारी लावायचा तक्ता. "केशाकर्षणाने पाणी चढते" (म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं) एवढंच लिहून मोकळं होऊ नका. जलवाहिनीएवढ्या नळीत केशाकर्षण पाणी चढवणार जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. मग वीस मीटरच्या माडाच्या शेंड्याला पाणी कोण पोचवतं? वरून बाष्पोच्छ्वासाची (पानांतून होणाऱ्या त्या वाफेची) ओढ आणि एकमेकांना घट्ट धरून राहणारे पाण्याचे रेणू, असं उत्तर डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडलं. जिवंत पेशी स्पंदनांनी पाणी वर ढकलतात, असं जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ साली मांडलं होतं. आदर ठेवा, पण ते टिकलं नाही. 'सिद्ध केले' असं लिहू नका.

आणि कृपा करून दर दहा मिनिटांनी दांडा उचलून बघू नका. उचललात तर पुन्हा पाण्याखाली छाटा.