छोट्या गाडीचं कूलंट घरी बदलताना : ओतणं सोपं, हवा काढणं अवघड

खिशाला परवडणारी छोटी गाडी बरीच वर्षं टिकवायची असेल, तर इंजिन ऑइलइतकंच लक्ष कूलंटकडे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाकडे, द्यायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. ऑइल न चुकता बदलणारी माणसंही कूलंटची टाकी भरलेली दिसली की निर्धास्तपणे बॉनेट बंद करतात. टाकी भरलेली असते, पण गंज रोखणारी रसायनं केव्हाच संपलेली असतात. मग रेडिएटर आतून सडतो, वॉटर पंपाचं सील गळायला लागतं आणि एक दिवस तापमानाचा काटा लाल रेघेला टेकतो. छोट्या गाड्यांच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं. ते नको तितकं तापलं की वाकतं, हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं, आणि 'जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला' म्हणून चांगली चालती गाडी भंगारात निघते.

हे काम घरी करण्याजोगं आहे. जुनं कूलंट काढणं आणि नवं ओतणं यात विशेष काही नाही. कस लागतो तो आत अडकलेली हवा काढताना. त्याबद्दल 'इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, हवा आपोआप निघून जाते' एवढ्यावरच बोळवण केलेली असते. ती आपोआप निघत नाही, काढावी लागते. (गाडी हायब्रिड असेल तर तिचं काम घरी करू नका. तिथे विजेच्या भागांसाठी वेगळी कूलंटची लाइन असू शकते आणि गफलत महागात पडते.)

कूलंट कोणतं घ्यायचं

रंगावरून ठरवू नका. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी हे कंपन्यांनी टाकलेले रंग आहेत. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांतली रसायनं वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि बदलायची मुदतही तिथूनच पाहा. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत साधारण दोन वर्षं, नव्या दीर्घायुषी प्रकारांची पाच किंवा त्याहून जास्त. दोन प्रकार एकमेकांत मिसळले की ही मुदत कमी होते.

बाटली 'तयार मिश्रण' आहे की 'कॉन्सन्ट्रेट' हेही नीट वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धं ते आणि अर्धं डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी. 'घट्ट तेवढं चांगलं' हा गैरसमज आहे. निम्मंनिम्म मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं, तर निव्वळ इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) उणे १३ अंशांलाच. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडतं. नळाचं पाणी नकोच. त्यातले क्षार आत थर धरतात आणि क्लोराइडमुळे अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. 'बर्फ पडत नाही तिथे नुसतं पाणी चालतं' हा सल्ला तर ऐकूच नका. कूलंट गोठणं टाळतं, तसंच उत्कलनबिंदू वाढवतं आणि धातू सांभाळतं, आणि ही दोन कामं उष्ण हवेत जास्तच लागतात.

जुनं कूलंट काढणं

गाडी पूर्ण गार हवी. हात लावून कोमट लागली तरी थांबा. बंद यंत्रणेत कूलंट दाबाखाली असतं. रेडिएटरच्या झाकणावर ८८ किंवा १०८ असा किलोपास्कलचा आकडा दिसतो तो याच दाबाचा. वातावरणाच्या दाबावर आणखी १०० किलोपास्कल असतील तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की दाब एका क्षणात उतरतो आणि १०० अंशांच्या वर गेलेला द्रव तिथल्या तिथे उकळून तोंडावर उसळतो. 'फडकं धरून हळूच उघडा' असं सांगणाऱ्यांनी भाजलेले हात पाहिलेले नसतात.

खाली पसरट भांडं ठेवा, झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सैल करा. जुन्या गाडीत हा प्लास्टिकचा प्लग कडक झालेला असतो. तो फिरत नसेल तर जोर लावू नका, खालचा होज पाइप काढा. पाइप चिकटला असेल तर हातात धरून पिळत सोडवा. त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर पाइप जिच्यावर बसतो ती रेडिएटरची प्लास्टिकची नळी तडकते आणि रेडिएटरच बदलावा लागतो. टाकीही काढून धुऊन घ्या.

निघालेलं कूलंट स्वच्छ असेल तर आत धुवायची गरज नाही. तांबूस, गढूळ असेल तर डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि परत काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. व्हिनेगर, आम्ल, घरगुती पावडरी यांपैकी काहीही जुन्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरमध्ये घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

भरायच्या आधीचा हिशेब

हा हिशेब फार थोडे लोक करतात. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बराच द्रव राहतो. समजा यंत्रणेत एकूण चार लिटर मावतं, तुम्ही पाण्याने धुतलंत आणि शेवटी अडीच लिटर निघालं. म्हणजे दीड लिटर साधं पाणी आतच आहे. आता अडीच लिटर तयार मिश्रण ओतलंत, तर आत ग्लायकॉल पडलं सव्वा लिटर. चार लिटरात सव्वा म्हणजे जेमतेम ३१ टक्के. म्हणून धुतल्यावर कॉन्सन्ट्रेटच वापरा : एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे दोन लिटर, आधी ओता आणि उरलेल्या अर्ध्या लिटरला डिस्टिल्ड पाणी.

हवा काढणं

कूलंट ओतताना थर्मोस्टॅट बंद असतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर ब्लॉकमधल्या हवेला बाहेर पडायची वाट जवळजवळ नसतेच. हवा वर चढते आणि यंत्रणेतला सर्वांत उंच कोपरा गाठून बसते. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा कोपरा थर्मोस्टॅटच्या घराशी नाहीतर डॅशबोर्डमागे जाणाऱ्या हीटरच्या पाइपांत असतो. गॅरेजच्या भाषेत गाडीने 'हवा धरली'.

या हवेचा सगळ्यांत वाईट भाग असा की ती काट्यालाही फसवते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच बरोबर वाचतो. तो हवेच्या कप्प्यात सापडला तर इंजिन उकळत असतानाही काटा मधेच उभा राहतो. म्हणून या टप्प्यावर काट्यावर विसंबून राहू नका. हीटरची हवा आणि पाइपांचा स्पर्श जास्त खरं सांगतात.

पहिली गोष्ट, गाडीचं नाक वर करा. पुढची चाकं मजबूत रॅम्पवर किंवा चढावर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीपाशी इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही. ज्या तोंडातून कूलंट ओतताय ते यंत्रणेत सर्वांत उंच आलं, की निम्मी लढाई जिंकलीत. सपाट जागेवर तासन् तास इंजिन चालवून जी हवा हलत नाही, ती नाक वर केल्यावर स्वतःहून तोंडाकडे सरकते.

दुसरी, हवा काढायचा स्क्रू शोधा. अनेक गाड्यांत तो थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपावर असतो. तो सैल करून कूलंट बारीक धारेने ओता. स्क्रूतून आधी नुसती हवा येते, मग बुडबुडे मिसळलेलं कूलंट थुंकल्यासारखं येतं आणि शेवटी अखंड धार लागते. धार लागली की बंद करा, पण हलक्या हाताने. आटे प्लास्टिकमध्ये असले तर एका जादा आवळणीने जातात. स्क्रू नसेल तर हीटरचा सर्वांत उंच पाइप टोकाशी थोडा सैल करून तेच साधता येतं. ओतताना रेडिएटरचा वरचा पाइप मुठीत दाबत आणि सोडत राहा. प्रत्येक दाबाबरोबर तोंडाशी दोनचार बुडबुडे फुटतात आणि पातळी किंचित खाली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू करायची घाई नको.

मग हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत कमी वेगावर, एसी बंद. रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसणारं उंच नरसाळं लावून त्यात थोडं कूलंट ठेवा आणि इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, सुरू करा. हे झाकण रेडिएटरवर असलेल्या गाड्यांसाठी. झाकण बाजूच्या दाबाच्या टाकीवर असेल तर ते उघडं ठेवायचं की नाही, हे पुस्तिका सांगेल तसं करा. रेडिएटरच्या इलेक्ट्रिक पंख्यापासून हात लांब ठेवा. काही गाड्यांत तो चावी बंद असतानाही फिरायला लागतो.

आता धीर धरायचा. इंजिन तापेल तशी नरसाळ्यातली पातळी हळूहळू चढते, बारीक बुडबुडे येत राहतात. आणि मग थर्मोस्टॅट उघडतो. नरसाळ्यात लक्ष असेल तर तो क्षण चुकत नाही : मोठा बुडबुडा फुटतो, 'गडब' असा आवाज होतो आणि पातळी झपकन खाली बसते. त्याच वेळी वरचा पाइप चटका देण्याइतका गरम होतो. लगेच भर घाला. बहुतेक लोक इथेच खूश होऊन झाकण लावतात. लावू नका. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, आणि पुन्हा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबून आरपीएम दोन-अडीच हजारांवर काही सेकंद धरा आणि तसाच हळू सोडा. 'जोरात रेस द्या, हवा उडून जाते' हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. त्याने पंप हवा आणि कूलंट घुसळतो, मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि उघड्या तोंडातून उकळतं कूलंट उसळतं. या वेळात नरसाळ्यावर वाकून बघायचंही नाही.

काम झालं हे कशावरून? हीटरमधून आयडललाही सलग गरम हवा येते, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत नाही, खालचा पाइपही गरम झालेला असतो आणि नरसाळ्यात बुडबुडे येत नाहीत. काटा वर आणि हीटरची हवा गार, असं झालं तर इंजिन ताबडतोब बंद करा, गार होऊ द्या आणि नाक वर करण्यापासून पुन्हा सुरू करा.

बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. अडकलेली हवा कमी कमी होत संपते. गार इंजिन सुरू केल्या केल्या बुडबुडे यायला लागले, संपेचनात, आणि झाकण लावल्यावर काही मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय असा संशय घ्या. म्हणजे हेड गॅस्केट. गॅरेजमध्ये रासायनिक चाचणीने हे कळतं : जळालेल्या गॅसमुळे निळा द्रव पिवळा पडतो. अशा गाडीतली हवा काढत बसण्यात दिवस घालवू नका.

गाडी गरम होते म्हणून 'थर्मोस्टॅटच काढून टाका' असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, तोवर इंधन जास्त पितं, आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवा. त्याला हलणारी बारीक पिन असलेलं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला यायला हवं. हवा जाण्यासाठीच ते ठेवलेलं असतं.

झाकण आणि पुढचे काही दिवस

इंजिन बंद करा, नरसाळं काढा, झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर त्याच आकड्याचं नवं झाकण लावा आणि टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा. सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत इंजिन गार होताना टाकीतून कूलंट परत ओढलं जातं, म्हणून टाकीतली पातळी थोडी उतरलेली दिसली तर चांगलंच. ती तशीच राहिली आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा दिसला, तर टाकीला जाणारी बारीक नळी तपासा. नळीला चीर असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. आठवडाभर रोज सकाळी बघा, लागेल तशी त्याच मिश्रणाची भर घाला. आठवड्यानंतरही पातळी उतरत असेल तर गळती शोधा.

जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, असा कचरा स्वीकारणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात किंवा मातीत ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने लगेच धुऊन काढा, आणि उरलेली बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. कूलंटचा प्रकार, तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी भर घालणारा रंग बघून अंदाज करणार नाही.