मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरून भागाकार केला की चौदा तास येतात, आणि अंतर दाखवणाऱ्या वेबसाइटवरही असाच काहीसा आकडा दिसतो. त्यावर बेत आखू नका. थेट विमानालाही जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून येतानाचा प्रवास तास-दीड तासाने लहान असतो.

भिंतीवरच्या नकाशावरून मार्ग ठरवणं ही दुसरी गफलत. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा: तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड असा उत्तरेकडे चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरतो. वाटेतल्या एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा नेमकं हेच झालं. शेजारच्या काकांना दोन वर्षांपूर्वी किती तास लागले होते, ते आज उपयोगाचं नाही.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात रात्री दीडला मुंबईहून निघालेलं विमान सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरलं, तर ते साडेसहा तासांत पोचलेलं नसतं. त्यात साडेनऊ तासांचा फरक मिळवा, सोळा होतात. येताना तोच फरक वजा करायचा. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तास होतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र तारखेची. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१४ तारीख, ००:४५' असेल, तर घरातून निघायचं १३ तारखेच्या संध्याकाळी. चौदाच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर गेलात, तर विमान जवळजवळ एक दिवस आधी गेलेलं असतं. पुणे-नाशिकहून गाडी ठरवताना ड्रायव्हरला तारीख सांगण्याआधी हे दोनदा तपासा, आणि आईबाबा एकटे जाणार असतील तर त्यांच्या कॅलेंडरवर निघायची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मधे विमान बदलायचं असेल तर उडण्याचे तास बघू नका, एकूण वेळ बघा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता, तिथेच सहसा इमिग्रेशन होतं, बॅगा घ्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी दीड तास फार अपुरा. तीन तास तरी ठेवा. केनेडी विमानतळावर उतरून नेवार्कहून पुढचं विमान असेल, तर मधे शहर ओलांडायचं आहे. नेवार्क न्यू जर्सीत आहे, तेव्हा आणखी वेळ धरा.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं तिथल्या घड्याळाकडे बघून घेतली, तर दोन डोसांतलं अंतर चुकतं. कोणत्या तासाला काय घ्यायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.