हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलून घरी आल्यावर: आधी यातून गेलेल्या माणसाची सोबत कशी घ्यावी

घरी आल्याच्या पहिल्या रात्री दोनच्या सुमारास मला टिकटिक ऐकून जाग आली. ह्यांना उठवून भिंतीवरचं घड्याळ बाहेर ठेवायला लावलं, तरी टिकटिक चालूच. आवाज माझ्याच छातीतून येत होता. डिस्चार्जच्या कागदावर नऊ औषधं होती, पथ्य होतं, पुढची तारीख होती, पण धातूचा व्हॉल्व्ह रात्रीच्या शांततेत ऐकू येतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सकाळी मी वॉर्डात ओळख झालेल्या काकूंना फोन केला. त्यांचं ऑपरेशन अकरा वर्षांपूर्वीचं. त्या म्हणाल्या, "अगं, वाजतोय ना? म्हणजे चालतोय. झोप आता."

एवढ्या एका वाक्यानं मी त्या दुपारी चार तास झोपले. डॉक्टर जीव वाचवतात, घरचे सेवा करतात, पण 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' म्हणतात ते खरंच आहे. ज्याच्या छातीवर तशीच शिवण आहे त्याच्याशी बोलल्यावर मिळणारा धीर दुसरीकडे मिळत नाही. तो कसा मिळवायचा आणि त्याची मर्यादा कुठे, ते सांगते.

नंबर वॉर्डातच घ्या

घरी पोचल्यावर माणूस शोधणं अवघड जातं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा, तिच्या नवऱ्याचा फोन नंबर डिस्चार्जच्या आधीच घ्या. तुमच्याबरोबरच ऑपरेशन झालेली ही माणसं. पण त्याहून उपयोगाची ती, जी तपासणीला आलेली असतात. ओपीडीत आयएनआरसाठी (रक्त किती पातळ आहे ते पाहायच्या तपासणीसाठी) रक्त द्यायच्या रांगेत अर्धे लोक जुने व्हॉल्व्हवाले असतात, आणि बोलायला तयार असतात. मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना किंवा वॉर्डच्या सिस्टरना सरळ विचारा: "माझ्यासारखं ऑपरेशन झालेलं, बोलायला तयार असलेलं कोणी आहे का?" लाजू नका. मला काकू अशाच भेटल्या.

माणूस तुमच्यासारख्याच ऑपरेशनचा हवा

ही चूक मी केली म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे बायपास झालेले दहा भेटतील, व्हॉल्व्ह झालेला एखादाच. आमच्या शेजारच्या काकांची बायपास झालेली. त्यांनी मायेनं सांगितलं, रोज सकाळी पालकाचा रस घे, मला फार फायदा झाला. मी दोन आठवडे घेतला. पुढच्या तपासणीत आयएनआर १.५, म्हणजे फार कमी, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

कारण असं. धातूच्या व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा एसिट्रोमसारखी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप. गोळी न घेणाऱ्याचा तो १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धातूचा व्हॉल्व्ह असेल तर साधारण २.५ ते ३.५, एओर्टिक जागी (हृदयातून रक्त अंगभर जातं त्या तोंडाशी) बहुधा २ ते ३ ठेवतात. तुमचा आकडा डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेला असतो, तोच तुमचा.

घाबरून मी पालेभाज्या पूर्ण बंद करणार होते. काकूंनी अडवलं. "बंद करू नकोस, वाटी ठरव. आठवड्याला जेवढी खातेस तेवढीच दर आठवड्याला खा, म्हणजे डॉक्टरांना गोळी त्यावर बसवता येते." डॉक्टरांनीही नंतर हेच सांगितलं.

म्हणून ओळख झाली की आधी तीन गोष्टी विचारा. कोणता व्हॉल्व्ह बदलला? धातूचा की प्राण्याच्या ऊतीचा? ऑपरेशन कशामुळे झालं? ऊतीचा व्हॉल्व्ह असेल तर गोळी बऱ्याचदा काही महिनेच असते, मात्र तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो. माझा आणि काकूंचा दोघींचा चित्रा व्हॉल्व्ह. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेला हा भारतीय व्हॉल्व्ह ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. दोघींचं मूळ दुखणंही एकच, लहानपणीचा संधिवाताचा ताप, ज्यानं हृदयाचे व्हॉल्व्ह खराब होतात. असं असेल तर तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन व्हॉल्व्ह बदलला म्हणून आपोआप थांबत नाही. फक्त इंजेक्शन देणाऱ्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आधी सांगा.

पहिले आठ आठवडे

छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. कागदावर लिहिलेलं असतं, "दोन-तीन किलोंहून जास्त वजन उचलू नये." आपल्या घरात त्याचा अर्थ काय, हे काकूंनी सांगितलं: भरलेली बादली नाही, कुकर नाही, कणीक मळणं नाही, नातवंड कडेवर नाही, पंप दाबून भरायचं पाणी तर नाहीच. कणकेला जोर छातीतूनच लागतो, हे मला सुचलंच नसतं.

अंथरुणातून उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपराच्या हलक्या आधारानं वर या. खोकला आला की घडी केलेली चादर किंवा उशी छातीशी घट्ट धरा. रुग्णालयातून मिळालेल्या तीन गोळ्यांच्या फुंकणीतून (स्पायरोमीटर) जागेपणी तासातासाला दहा वेळा श्वास आत ओढून गोळे वर उचला, फुप्फुसात कफ साचत नाही. घरात भारतीय शौचालय असेल तर महिना-दोन महिने कमोडची खुर्ची आणा, कारण उकिडवं बसून हातांच्या जोरावर उठणं हाडाला महागात पडतं.

बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या पुरुष डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. मंगळसूत्र शिवणीवर घासून आग होते, ते काही आठवडे काढून ठेवा किंवा लांबी कमी करून घ्या. आणि पुढून हुक असलेला मऊ सुती आधार घाला, स्तनांच्या वजनानं टाके ओढले जात नाहीत.

मी घरी येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा सासूबाईंना वाटू लागलं, आता ओट्याशी उभं राहायला काय हरकत आहे. मी काही बोलले नाही, काकूंना फोन लावून दिला. अर्ध्या तासानं सासूबाई स्वतः कणीक मळायला बसल्या. सुनेनं सांगितलं तर कुरकुर वाटते, त्याच वाटेनं गेलेल्या वयस्कर बाईनं सांगितलं की पटतं. ही मदत मागून घ्या.

चालणं मात्र चुकवू नका. आधी घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, मग रोज थोडं थोडं वाढवत. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली की थांबा.

वही आणि सोबतीचा फोन

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन. दिवसातून दोनदा ताप. संध्याकाळी ठरल्या वेळी गोळी घेतली की खूण. आयएनआरचा आकडा लाल पेनानं. काकूंशी माझं ठरलं होतं: दर रविवारी फोनवर मी वही वाचून दाखवायची. ऐकणारं कोणी आहे म्हटलं की लिहिण्याचा कंटाळा येत नाही.

आणि मनाचं. तिसऱ्या आठवड्यात मी कारण नसताना रडायचे, जेवणाला चव नव्हती, झोप तुकड्यातुकड्यानं. काकूंनी विचारलं, "रडतेस का गं?" विचारल्यावरच मला कळलं की हे इतरांनाही होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, किंवा कधीही जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. ते ऑपरेशननंतरच्या उपचाराचाच भाग आहे.

सोबतीला काय विचारू नये

गोळीचा डोस. कधीच नाही. काकूंची अर्धी गोळी माझ्यासाठी कमी किंवा घातक ठरू शकते. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा कोणाच्या घरचा काढा विचारल्याशिवाय नको. दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागतं, दंतवैद्याला व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांशी बोला, वॉरफरिनचा गर्भावर परिणाम होतो.

काही गोष्टींत सोबतीला फोन करण्यातही वेळ घालवू नका. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, छातीत दुखणं, जोराची धाप, न थांबणारा रक्तस्राव, काळी शी, आणि व्हॉल्व्हची नेहमीची टिकटिक अचानक मंद होणं किंवा बंद पडणं: १०८ लावा. ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पू आला, छातीचं हाड हलल्यासारखं कटकट वाजलं, किंवा वजन एका दिवसात किलोभर, आठवड्यात दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वर्षभरानंतर

आता वॉर्डच्या सिस्टरकडे माझा नंबर आहे. महिन्याला एखादा फोन येतो, बहुतेक रात्रीच. मी आधी विचारते, ताप आहे का, धाप आहे का, गोळी घेतली का. तिन्हींची उत्तरं ठीक आली की मग सांगते, उशी छातीशी धर आणि सावकाश बोल, मला घाई नाही.